वाऱ्याकडे तोंड केलेलं घर

सकाळचे सातही वाजले नव्हते, तोच रोझमतबाबांनी तंदुरातली गार राख बादलीत भरून आणली आणि ओयजमालच्या पुढ्यात ठेवली.

"सूनबाई, काल मला वहीत जे दाखवलंस ना, ते इथे जमिनीवर काढ. खऱ्या मापाचं."

ओयजमालने डोक्याचा रुमाल मागे गाठ मारून घट्ट केला. "बाबा, हे येतीलच इतक्यात. त्यांचा नकाशा आहे तयार."

"त्याचाही काढू. जागा काय, दोन घरं मावतील एवढी आहे."

नवी जागा गावाच्या टोकाला होती. पश्चिमेला खीवाकडे जाणारा रस्ता, उत्तरेला कापसाचं जुनं कोठार, मध्ये एक तुतीचं झाड आणि बाकी सगळी भाजलेली माती. जुन्या घराला जमिनीतल्या खाराने खाल्लं होतं. खार पायातून वर चढत गेला, भिंती बिस्किटासारख्या ठिसूळ झाल्या, आणि वसंतात तिच्या धाकट्या दिराच्या, जुमाच्या, खोलीची मागची भिंत एका दुपारी खाली बसली, म्हातारा उंट बसतो तशी. तेव्हापासून नवीन घर बांधायचं हे ठरलं होतं. कसं बांधायचं हे ठरत नव्हतं. आणि आज ते ठरायलाच हवं होतं, कारण मातीच्या भिंती घालणारा उस्ता सापर संध्याकाळी मापं घ्यायला येणार होता. उद्या खोदकाम सुरू झालं नाही तर तो पलीकडच्या गावचं काम धरणार, आणि मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो हाती लागायचा नाही.

ओयजमालने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. शाळेत सातवीपर्यंतच्या मुलांना भूमिती शिकवण्यात तिची चौदा वर्षं गेली होती, काटकोन तिच्या हातातच होता. मूठमूठ राख सोडत ती चालू लागली. पंधरा वर्षांची गुझल दोरीचं दुसरं टोक धरून आईच्या मागे मागे होती.

"आई, ही एवढी मोठी जागा कसली?"

"अंगण."

"आणि घर?"

"घर अंगणाच्या कडेकडेने."

आठ वाजता जुमाच्या ट्रॅक्टरची घरघर ऐकू आली. मागच्या ट्रॉलीत रोझमतबाबांची बायको बिकाजान, बाबांची विधवा बहीण अनाबीबी, शेपूच्या हिरव्या शेवयांचं भलंमोठं पातेलं, गाद्या, चटया, आणि जुमाची बायको नझोकत. तिला आठवा महिना लागला होता, आणि गेले तीन दिवस उकाड्याने तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सगळ्यांच्या मधोमध, लेकराला धरावं तशी एक मोठी खिडकी दोन्ही हातांनी धरून मदरीम उभा होता. दुहेरी काच, पांढरी चौकट, काचेवरचा प्लॅस्टिकचा कागद अजून काढलेला नव्हता. काल उरगेंच शहरात जाऊन त्याने ती स्वतः निवडून आणली होती.

मदरीम म्हणजे ओयजमालचा नवरा, या घरातला थोरला. अकरा वर्षं तो रशियात, सामाराला इमारती बांधत होता. वर्षातून एक महिना घरी. या खेपेचे तीन आठवडे संपले होते.

ट्रॉलीतून उतरताच त्याने राखेच्या रेघा पाहिल्या. मग बायकोकडे पाहिलं.

"हे काय?"

"बाबांनी काढायला सांगितलं."

"मी सांगितलं," रोझमतबाबा म्हणाले. "कागदावरचं घर मला कळत नाही. तीस वर्षं कालव्याच्या दारावर काढली. पाणी कुठे जाईल ते मी चालून बघत असे. घरही चालून बघणार."

मदरीमने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि ट्रॉलीच्या फळीवर पसरला. सामाराच्या एका इंजिनियरने काढलेला रंगीत नकाशा होता. दोन मजले, निळं छप्पर, आणि रस्त्याकडचा सगळा दर्शनी भाग काचेचा.

"वा," जुमा म्हणाला. "वरचा मजला माझा."

"अगदी शहरातल्यासारखं," अनाबीबी आत्या म्हणाल्या. "आपल्या गावात कुणाकडे नाही असं. येणारीजाणारी बस थांबून बघेल."

बिकाजानबाईंनी कागदावर बोट फिरवलं. "मदरीमजान, गरम राहील ना हे थंडीत? माझे गुडघे."

"आई, जानेवारीत बनियनवर फिराल."

झालं. तिघंजण मदरीमच्या बाजूला गेले. ओयजमालने हातावरची राख झटकली आणि शेवयांच्या पातेल्याखाली चूल पेटवायला गेली. अकरा वर्षं नवरा नसलेल्या घरात राहून एक गोष्ट ती शिकली होती: ज्या वेळी सगळे बोलतात त्या वेळी आपण काहीतरी शिजवावं.

पण आज तिचं लक्ष पातेल्यात नव्हतं. अकरा उन्हाळे ती अंथरूण काखेत घेऊन सावलीमागे फिरली होती. सकाळी तंदुराच्या मागे, दहाला तुतीखाली, बाराला दाराच्या कमानीत. दुपारी दोनला कुठेच नाही. कुठल्या भिंतीला किती वाजता पाठ टेकता येते, हे या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी तिला विचारलंही नव्हतं. काल सासऱ्यांनी तिची वही उघडी पाहिली आणि पान उलटत तास काढला, तेवढंच.

"करून बघू," चूळ भरून रोझमतबाबा म्हणाले. "जुमा, ताडपत्री काढ. मदरीमची खोली उभी करा, त्याच्या खिडकीसकट. सूनबाईचा अयवानही उभा करा. दुपारी दोनला दोन्हीत बसू. वाद घालून अंग गार होत नाही."

कापसाच्या ढिगावर टाकायच्या ताडपत्र्या, पॉपलरचे वासे, बोरूच्या चटया निघाल्या. मदरीमची खोली तासाभरात उभी राहिली: चारी बाजूंना दुहेरी ताडपत्री, पश्चिमेला खिडकी, नकाशात होती तशी रस्त्याकडे तोंड करून. ओयजमालचा अयवान म्हणजे तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने सताड उघडी अशी उंच ओसरी. पाठ दक्षिणेला, तोंड उत्तरेला. समोर अंगण, आणि अंगणापलीकडे दुसरी, बुटकी ओसरी, दक्षिणेकडे तोंड केलेली.

"सगळ्या जगाचं घर सूर्याकडे बघतं," जुमा म्हणाला. "वहिनीचं घर सूर्याकडे पाठ करून बसलंय. रुसलंय जणू."

"उन्हाळ्यात रुसायलाच हवं," ओयजमाल म्हणाली. "लाड केले की डोक्यावर बसतो."

मदरीम हसला नाही. पण तिच्याकडे त्याने मान वळवून पाहिलं. ही इतकं कधीपासून बोलायला लागली, असं काहीतरी त्या पाहण्यात होतं.

शेवया खाऊन झाल्या. दोनला शाळेतला थर्मामीटर झाडाखाली बेचाळीस दाखवत होता. अनाबीबी आत्या गादी घेऊन आधी काचेच्या खोलीत शिरल्या. "मी बाई शहरातच बसणार," म्हणाल्या. मागोमाग बिकाजानबाई आणि रोझमतबाबा. मदरीमने चहाची किटली आत दिली.

पश्चिमेला कललेलं ऊन काचेतून सरळ आत आलं आणि मांडी ठोकून बसलं. दहा मिनिटं आतून गप्पा ऐकू आल्या. मग गप्पा थांबल्या. मग रोझमतबाबांचा आवाज आला, "चहा परत ने. आत तो गार होईना झालाय." पंधराव्या मिनिटाला अनाबीबी आत्या तंदुरातून काढलेल्या रोटीसारख्या लालबुंद होऊन बाहेर पडल्या.

"किती?" गुझलने विचारलं.

रोझमतबाबांनी थर्मामीटर बाहेर धरला. एक्कावन्न.

"ताडपत्री आहे ही," मदरीम म्हणाला. "जाड भिंत असती, एसी असता, पडदे असते..."

"पडदे लावायचे तर काच कशाला?" बिकाजानबाई रुमालाने वारा घेत म्हणाल्या. सकाळपासून लेकाच्या बाजूने असलेली म्हातारी एवढं बोलली आणि आपलं बोलणं आपल्यालाच नको असल्यासारखी दुसरीकडे बघू लागली.

"आता सूनबाईच्या घरी जाऊ," रोझमतबाबा म्हणाले.

सगळे अयवानात जाऊन बसले. सावली होती, गर्द होती. पण वारा नव्हता. एक पान हलेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बोरूच्या चटयांतून फक्त माशा येत होत्या. अनाबीबी आत्यांनी सुस्कारा टाकला. "सावली तर झाडाखालीही आहे, पोरी."

"वारा कुठाय?" मदरीमने विचारलं. चिडवत नव्हता, खरंच विचारत होता, आणि तेच जास्त लागलं. "तुझं सगळं घर वाऱ्यावर उभं आहे. तोच नाही आला तर?"

ओयजमालचे कान तापले. वहीत बाण काढले होते, उत्तरेकडून आत येणारे, भिंतीवर आपटून खाली उतरणारे. बाण काढायला काय लागतं. ती उठून अंगणाच्या मध्यावर, उन्हात जाऊन उभी राहिली. उद्या सापर काचेच्या घराचा पाया खोदेल, आणि बरोबरच आहे, असं तिला वाटून गेलं. मग तिची नजर चुलीकडे गेली.

धूर सरळ वर चालला होता. कोठाराच्या भिंतीच्या डोक्यापर्यंत अगदी दोरीत धरल्यासारखा सरळ. आणि तिथे पोचला की एकदम मोडून दक्षिणेला पळत होता.

"बाबा," ती म्हणाली. "वारा आहे. वर आहे."

रोझमतबाबा बाहेर आले, कपाळावर हात धरून त्यांनी धूर पाहिला. "कोठार अडवतंय," ते म्हणाले. "पाणी अडलं की दार वर उचलतात. जुमा, छप्पर वर घ्या."

"किती?"

"कोठारावरून पलीकडे बघता येईल इतकं," ओयजमाल म्हणाली. "आणि मागची ताडपत्रीही तितकीच वर. वारा तिच्यावर आपटायला हवा, नाहीतर वरच्या वर निघून जाईल."

जुमाने चार मीटरच्या वाशाला दुसरा वासा जोडला आणि दोरीचे वेढे देऊ लागला. वासा लचकला. त्याने आणखी चार वेढे दिले, वासा आणखी लचकला. मदरीम तोंड फिरवून उभा होता. पण अकरा वर्षं इमारतींच्या परांचीवर चढलेला माणूस तो, परांची बांधणाऱ्याला नुसतं बघत बसणं जमेना.

"हट," तो शेवटी म्हणाला. "अशी गाठ बांधतात होय? नझोकतच्या डोक्यावर पाडशील." आणि सदरा काढून त्याने दोरी हातात घेतली.

पुढचा अर्धा तास ओयजमालने नवऱ्याला काम करताना पाहिलं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. फोनवर तो सांगायचा, आज सहावा मजला झाला, आज बर्फ पडला, काम बंद. इथे तो वाशावर चढून एका हाताने लोंबकळत दुसऱ्या हाताने गाठ ओढत होता आणि खाली ओरडत होता, "ओयजमाल, मागचा कोन बघ, काटकोन आहे का?" आणि ती खालून ओरडत होती, "दोन बोटं डावीकडे." त्याने दोन बोटं डावीकडे घेतलं. तिचं अंग उन्हाने तापलं होतं की आनंदाने, ते तिला सांगता आलं नसतं.

छप्पर सहा मीटरवर गेलं. मदरीमने मागची ताडपत्री वर ओढून शेवटची गाठ मारली, आणि ताडपत्री फुगली.

आधी तिने नुसता एक श्वास घेतला. मग पोट काढून भरली, फडफडली, आणि तिच्यावर आपटलेला वारा घसरत खाली आला. गुझलच्या वेणीची रिबन हलली. बिकाजानबाईंचा रुमाल खांद्यावरून उडाला आणि त्यांनी तो धरलाच नाही.

"आला," रोझमतबाबा म्हणाले.

मदरीम वरूनच थर्मामीटर मागत होता. गुझलने वाचला. "चाळीस."

"झाडाखाली बेचाळीस होते. म्हणजे एवढ्या खटपटीचे दोन?"

"थर्मामीटरला घाम येत नाही, बेटा," रोझमतबाबा म्हणाले. "खाली ये आणि अंगाला विचार."

तो खाली आला आणि घामेजलेल्या उघड्या अंगाने वाऱ्यात उभा राहिला. तेवढ्यात जुमाने सगळ्यांना हाताने गप्प केलं. मागच्या भिंतीशी, कुणाचं लक्ष नसताना, नझोकत कुशीवर झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात पोटावर. तीन दिवसांनी पहिल्यांदा.

"वरचा मजला नको मला," जुमा कुजबुजला.

पण मदरीम इतक्यात ऐकणारा नव्हता. अंगणात येऊन त्याने हळू आवाजात, तरी स्पष्ट विचारलं, "जुलैचं सुटलं. जानेवारीचं काय? उणे वीस असतं तेव्हा या वाऱ्याचं काय करायचं, दळण दळायचं?"

"हा प्रश्न मलाही सुटला नव्हता," ओयजमाल म्हणाली. ती त्याला अंगणापलीकडच्या बुटक्या ओसरीच्या रेघांपाशी घेऊन गेली. "ही दक्षिणेला बघते. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, इथे आतपर्यंत येईल. उन्हाळ्यात डोक्यावर असतो, छपराची कड त्याला अडवेल. पण हिवाळ्यात ही उघडी राहिली तर काय उपयोग? अहो, तुमची खिडकी इथे बसवली तर? एक नाही, पाच. आई-बाबा थंडीत इकडे राहायला येतील."

मदरीमने बुटक्या ओसरीची लांबी पावलांनी मोजली. त्याचे ओठ हलत होते. "पाच नाही. चार, आणि मध्ये दार. जमिनीखाली विटांचा थर, नाहीतर गारठा खालून येईल. आणि भिंतीच्या पायात काँक्रीट, वर डांबरी कागद. खार चढताच कामा नये."

"बोरूचा थर घालतात आपल्याकडे," रोझमतबाबा म्हणाले.

"दोन्ही घालू."

"माझे गुडघे इथे," बिकाजानबाईंनी रेघेच्या आत पाय ठेवून सांगून टाकलं. त्यांनी गादी मागवली आणि नसलेल्या खिडकीशी बसल्यासुद्धा. मग सगळ्यांच्याच उत्साहाला ऊत आला. अनाबीबी आत्यांनी स्वयंपाकघराच्या रेघेतून जुमाला हाकललं. "दारातून ये, भिंतीतून काय येतोस?" जुमाने ट्रॅक्टरची जागा मागितली, ती कोंबड्यांच्या खुराड्याला गेली म्हणून भांडला. गुझलने आपली खोली दोनदा बदलली.

या गोंधळात मदरीम एकटा फिरत होता. एकेक चौकोन वाचत, हळूहळू. मोठ्या अयवानात, झोपलेल्या नझोकतपासून चार हातांवर, राखेचा एक लांबट चौकोन होता.

"हे काय?"

"तख्त. उन्हाळ्यात झोपायचं."

त्याने मोजलं. "दीड मीटर. कुणाचं?"

"माझं आणि गुझलचं."

"आणि मी?"

ओयजमालने रेघेकडे पाहिलं. तिने मुद्दाम केलं नव्हतं. अकरा वर्षं दोन अंथरुणं घालण्याची सवय हाताला लागली होती, हाताने तेवढंच काढलं. अनाबीबी आत्यांच्या जिभेवर काहीतरी टोचणारं आलेलं दिसलं, पण बिकाजानबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"चुकलं," ओयजमाल म्हणाली. मग तिला वाटलं, आज नाही तर मग कधी. "पण तुमच्या नकाशातही तुम्ही नव्हता. मी शोधलं होतं. चार खोल्या, दिवाणखाना, मोटारीची जागा, रस्त्यावरून दिसायला एवढी काच. तुम्ही दुपारचा चहा कुठे बसून प्याल, ते मला त्यात कुठेच सापडलं नाही."

मदरीमने मागच्या खिशातला कागद चाचपला, काढला नाही. ताडपत्री भरत होती आणि रिकामी होत होती.

"तिकडे दुसऱ्यांची घरं बांधताना वाटायचं," तो म्हणाला, "आपलं असं हवं की गावाने म्हणावं, मदरीम कुठेतरी गेला होता. कुठे होता, ते दिसावं. घरात कसं राहायचं, ते विसरलो बहुतेक."

बादलीतली राख संपली होती. त्याने बुटाची टाच रोवली आणि जुन्या रेघेच्या बाहेर, एक मीटर पलीकडे, मातीत नवी रेघ ओढली.

पाच वाजता उस्ता सापर मोटारसायकलवरून आला. साठीचा, कोपरापर्यंत माती मुरलेला माणूस. त्याने ताडपत्रीचा डोलारा पाहिला, वाऱ्यात उभं राहून दाढी खाजवली, आणि एवढंच म्हणाला, "सहाने भागणार नाही. माती सुकली की अंगुळं अंगुळं बसते. साडेसहा धरा." मग तो हिशेब मांडू लागला. "भिंतीचे थर, एकेक वाळू द्यायचा. मग छप्पर. मोठ्या अयवानाचा खांब सप्टेंबरच्या शेवटी उभा राहील. खांबाला पहिला हात घरातल्या थोरल्याचा लागतो. मदरीम, तुझं तिकीट कधीचं?"

"दहा ऑगस्ट."

"मग खांब जुमा धरेल."

"नाही," मदरीम म्हणाला. "मी धरेन. त्यांना उद्या कळवतो, माझ्या जागी दुसरा बघा म्हणून."

"आणि खांब उभा राहिल्यावर?" अनाबीबी आत्यांनी विचारलंच.

"खांबानंतर खिडक्या आहेत, आत्या. खिडक्यांनंतर हिवाळा. या थंडीत कुणाच्या घरात किती गारठा येतो, ते मला बघायचंय."

बिकाजानबाई नुसत्याच नाक ओढू लागल्या. रोझमतबाबांनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि कोठाराच्या भिंतीचं काहीतरी निरीक्षण सुरू केलं.

सापरने दोरीचं एक टोक खुंटीला बांधलं, दुसरं हातात घेऊन विचारलं, "घराचं तोंड नक्की कुठे? एकदा ठरलं की मी फिरवणार नाही."

सगळ्यांनी मदरीमकडे पाहिलं. त्याने ओयजमालकडे पाहिलं आणि हाताने सांग असं केलं.

"उत्तरेला," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला जरा मोठाच वाटला. तिने सापरच्या हातातून दोरी घेतली आणि तोंड वाऱ्याकडे करून चालत सुटली. मागून मदरीम खुंटी दाबून धरत ओरडत होता, "ताण, अजून ताण, सैल सोडू नकोस."